एकशे दहा, शून्य

डोझर तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा ओढ्याच्या काठावर आम्ही बावीस जण उभे होतो, आणि बावीसच्या बावीस जणांना त्याचं कारण माहीत होतं. एकजण म्हणाला डिझेलमध्ये कचरा आलाय. दुसरा म्हणाला, हल्लीची मशिनंच नाजूक, जुनं असतं तर दगड चावून खाल्ले असते त्यानं. सोसायटीचे चेअरमन छत्री काखेत मारून रेडिएटरवर तळहात ठेवून उभे होते. थंड आहे, म्हणाले, हात लावून बघा कुणीही. मग आम्ही एकामागून एक हात लावून बघितला. मीही लावला. थंडच होता. आत इंजिन गरम झालंय म्हणून मशीन बंद पडतं, आणि बाहेर रेडिएटर कोमटसुद्धा नाही. म्हणजे मशीन खोटं बोलतंय, असं बावीस जणांचं एकमत झालं.

सीटवर काकी बसल्या होत्या. त्यांनी खिशातली वही काढली, पडद्यावरचा आकडा लिहून घेतला, वही परत खिशात घातली आणि आमच्याकडे अशा नजरेनं बघितलं की पुढचे दोघं आपोआप मागे सरले.

काकी म्हणजे माझ्या शेजारच्या. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं वाळलेल्या, आवाज मात्र इंजिनावरून पलीकडे पोचेल असा. आधी डोझर काका चालवायचे, त्यांचे यजमान. अकरा वर्षांपूर्वी जुन्या मशिनाचं उकळतं पाणी काकांच्या तोंडावर उडालं आणि दोन्ही डोळे गेले. तेव्हा काकी सोसायटीच्या कचेरीत जाऊन म्हणाल्या, मी चालवते. चेअरमन हसले. काकींनी त्यांच्यासमोर डोझर मागे घेतला आणि पात्याच्या टोकानं त्यांच्या कचेरीपुढचा दगडी कठडा असा अलगद बाजूला केला की वरची कुंडी हलली नाही. त्यानंतर चालवायला दुसरं कुणी पुढे आलंही नाही.

आता काम होतं ओढ्याचं. गेल्या पुरात ओढ्यानं आपली वाट सोडली आणि खालच्या अंगाला, आमच्या चार घरांकडे तोंड वळवलं. जुनं पात्र उकरून मोकळं करायचं आणि नव्या तोंडाशी मोठाले धोंडे ढकलून ते बुजवायचं, एवढंच काम. पण पुराचं पाणी यायला पंधरा दिवस उरले होते आणि मशीन दर वीस मिनिटांनी थांबत होतं. आधी लाल दिवा लागायचा, मग कर्कश शिट्टी, मग तीस सेकंद, मग गप्प. पडद्यावर मोठा आकडा राहायचा, एकशे दहा.

कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला होता. सोसायटीचे सेक्रेटरी त्याला फोनवर म्हणाले, एकशे दहा येतंय. तो म्हणाला, ताप मोजणारा सेन्सर बिघडलाय. आला, नवा बसवला, चहा पिऊन गेला. पुन्हा एकशे दहा आला. तो पुन्हा आला, पुन्हा सेन्सर बदलला, पुन्हा चहा प्यायला. तिसऱ्यांदा त्यानं फोन घेतला नाही.

पडद्याजवळ एक बटण होतं. मशीन अडचणीच्या जागी बंद पडू नये म्हणून ते दाबलं की आणखी तीस सेकंद मिळायचे. चेअरमनना ते बटण फार आवडलं. ते दाबूनच धरा आणि काम करत राहा, असा त्यांनी काकींना सल्ला दिला. काकींनी विचारलं, तुमच्या घरात आग लागली की तुम्ही ओरडणाऱ्याचं तोंड दाबता का. चेअरमन म्हणाले, उगाच वाकडं बोलू नका वहिनी. आणि त्यांनी मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

मिस्त्रीचं नाव निघताच काठावरचे सगळे काकींकडे बघू लागले. तो काकांचा धाकटा भाऊ. काकी लग्न होऊन आल्या तेव्हा तो सात वर्षांचा, त्यांनीच न्हाऊमाखू घालून वाढवलेला. पण त्या अपघातापासून काकी त्याच्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या. जुन्या मशिनालाही ताप वाढला की वाजणारी घंटी होती. त्या दिवशी ती वाजलीच नाही. इंजिन उकळत राहिलं, काकांनी बघायला झाकण उघडलं, आणि पुढचं सगळं घडलं. तार उंदरांनी कुरतडली होती, असं गावात ठरलं. काकींनी नंतर स्वतः जाऊन तार बघितली होती. पक्कडीनं कापल्यासारखी सरळ तुटली होती ती. आदल्या दिवशी मशिनावर हात फक्त मिस्त्रीचा होता. त्यांनी त्याला विचारलं, तो जमिनीकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याची पेटी अंगणाबाहेर होती.

गावानं त्याला 'तोंडबंद्या' नाव ठेवलं. कुठलीही घंटी, दिवा, शिट्टी असो, हा ती बंद करून देतो, अशी त्याची ख्याती. खरं तर त्या दिवसानंतर त्यानं अशी एकही तार कापली नव्हती. पण गाव एकदा नाव ठेवतं आणि मग चौकशी करत नाही.

तो दुपारी मोटारसायकलवर आला. चाळिशीचा माणूस, केस अर्धे पिकलेले. आला आणि काकींपासून दहा पावलांवर थांबला. मी मध्ये उभा होतो, आणि माझं नशीब असं की दोघांनाही मी सापडलो.

'पडद्यावर एकशे दहाच्या खाली दुसरा आकडा काय येतो, विचार त्यांना,' तो मला म्हणाला.

काकींना ऐकू गेलं होतं. तरी त्या माझ्याकडे बघत राहिल्या, म्हणून मी विचारलं. त्यांनी वही काढून माझ्या हातात दिली. पानोपानी तारीख, वेळ आणि दोन आकडे. एकशे दहा, शून्य. एकशे दहा, शून्य. कुठंच फरक नाही.

मिस्त्रीनं वही नीट वाचली. मग मला सांगितलं, म्हणजे खरं तर काठावरच्या सगळ्यांना. वरचा आकडा सांगतो की तक्रार कशाची आहे. इंजिनाच्या पाण्याच्या तापाची. खालचा सांगतो की तक्रार कसली आहे. सेन्सर मेला असता, तार तुटली असती, तर तिथं तीन किंवा चार आला असता. शून्याचा अर्थ, सेन्सर ठीक आहे आणि पाणी खरोखर उकळायला आलंय. हा दुसरा आकडा कंपनीला कुणी सांगितला नव्हता का?

सेक्रेटरी म्हणाले, एवढा बारीक आकडा कोण वाचतं.

'ज्याला मशिनावर बसायचं असतं तो वाचतो,' काकी म्हणाल्या. मला उद्देशून.

चेअरमननी पुन्हा रेडिएटरवर हात ठेवून दाखवला. मिस्त्रीनं पेटीतून पिस्तुलासारखं एक यंत्र काढलं, लांबून नेम धरला की ताप सांगणारं. काकींनी मशीन चालू केलं. वीस मिनिटांनी दिवा लागला तेव्हा त्यानं इंजिनाच्या डोक्यावर नेम धरला, एकशे सात. रेडिएटरवर धरला, बत्तीस. त्यानं ते यंत्र चेअरमनच्या हातात दिलं आणि त्यांनाच बघायला लावलं. त्यांनी बघितलं, यंत्र उलटसुलट केलं, आणि हे यंत्रही बिघडलेलं असेल असं म्हणाले.

मिस्त्रीनं सांगितलं ते मलाही कळलं, म्हणजे कुणालाही कळेल. पाणी इंजिनात तापतं आणि रेडिएटरमध्ये येऊन निवतं. मध्ये एक दरवाजा असतो, थर्मोस्टॅट म्हणतात त्याला. पाणी पुरेसं तापलं की तो आपोआप उघडतो. तो अडकून बसलेला असावा. गरम पाणी आतच कोंडतंय, रेडिएटरपर्यंत पोचतच नाही. रेडिएटर थंड आहे हाच तर आजार आहे. आणि बावीस माणसं त्यावर हात ठेवून मशिनाला खोटं ठरवत होती.

त्यानं लगेच काही उघडलं नाही. इंजिन निवेपर्यंत पाऊण तास तो दगडावर बसून राहिला आणि झाकणाजवळ कुणालाही फिरकू दिलं नाही. चेअरमन घड्याळ बघत होते. मग त्यानं फडकं चार पदरी करून झाकणावर टाकलं, तोंड बाजूला वळवलं आणि ते पाव पाव आटा करत सोडलं. काकी खाली उतरल्या होत्या. त्या त्याच्या हाताकडे बघत होत्या.

पाणी खाली सोडलं तेव्हा ते चहासारखं लाल निघालं, आणि शेवटी नुसता गाळ. मिस्त्रीनं तो बोटांत चोळला. बारीक रेती होती. वर बघितलं नाही, विचारलंही नाही. पाइप जुने असतील, गंज असेल, असं काहीतरी पुटपुटला.

'गंज नाही,' काकी म्हणाल्या. या वेळी माझ्याकडे बघून नाही. 'ओढ्याचं पाणी आहे ते. मी घातलंय, बादलीनं.'

अकरा वर्षांनी पहिल्यांदा त्या त्याच्याशी बोलल्या. मिस्त्रीची बोटं गाळात तशीच थांबली.

चेअरमनना हेच हवं होतं. ते लगेच आवाज चढवून म्हणाले, म्हणजे मशीन वहिनींनी घालवलं, आणि आम्ही कंपनीला दोष देत बसलो. काकींनी वही उघडून तीन तारखा वाचून दाखवल्या. तीन वेळा इंजिन थंड ठेवणारं कूलंट मागितलं होतं. तिन्ही वेळा कचेरीतून निरोप आला, पाणी ते पाणी, कुठलंही घाला.

'पण तुम्ही सांगितलंत म्हणून मी घातलं, असं मी म्हणणार नाही,' काकी म्हणाल्या. 'घालू नये हे मला कळत होतं. काम थांबेल म्हणून घातलं. हात माझा होता.'

मी मिस्त्रीकडे बघितलं. अंगावर कुणी काहीतरी फेकल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

चेअरमननी विषय बदलला. दरवाजा अडकलाय ना, मग काढून फेका आणि चालू करा. मिस्त्री म्हणाला, या इंजिनात तसं चालत नाही. दरवाजा नसला तर निम्मं पाणी जवळच्या वाटेनं मागेच फिरतं आणि पुन्हा तापतं. नवा बसवावा लागेल, आतून धुवावं लागेल. एक दिवस जाईल. चेअरमननी डोंगराकडे बोट केलं. तिकडे ढग काळे होत होते.

'एक दिवस नाहीये,' ते म्हणाले. 'सेन्सरची तार काढ आणि दोन दिवस रेट मशीन. तुला काय नवीन आहे ते?'

'नवीन नाही,' मिस्त्री म्हणाला. 'म्हणूनच काढणार नाही.'

चेअरमननी आमच्याकडे बघितलं. आम्ही, नेहमीप्रमाणे, ओढ्याकडे बघत होतो.

काढलेला थर्मोस्टॅट मुठीएवढा, गाळानं माखलेला. मिस्त्रीला तो गरम पाण्यात घालून तपासायचा होता. अंदाजानं दोन सेन्सर बदलून झाले, तिसरी वस्तू अंदाजानं बदलणार नाही, म्हणाला. सगळ्यात जवळचं घर काकींचं. काकी म्हणाल्या, शेगडी अंगणात आणते, पातेलंही देते. घरात ये असं त्या म्हणाल्या नाहीत.

ऊन कलायच्या सुमाराला अंगणात पातेलं चढलं. थर्मोस्टॅट तारेला बांधून पाण्यात सोडला, शेजारी तापमापी. त्याच्या कडेवर ब्याऐंशी कोरलं होतं, म्हणजे तेवढ्या तापाला त्यानं उघडायला हवं. काका खुर्चीत येऊन बसले. भावाचा आवाज ऐकून त्यांचा चेहरा फुलला होता, पण बायको जवळ आहे हे त्यांना कळत होतं, म्हणून ते जपून बोलत होते. काकी पातेल्यात वाकून बघत होत्या. मी तापमापी वाचत होतो.

'ब्याऐंशी,' मी म्हणालो.

'उघडला का गं?' काकांनी विचारलं.

'नाही.'

नव्वद झाले, नाही. पंच्याण्णव झाले, नाही. पाणी खळखळा उकळायला लागलं, वाफ काकींच्या तोंडावर येत होती, आणि तो गोळा दात आवळल्यासारखा बंद.

मिस्त्री उठून उभा राहिला. मला वाटलं शेगडी बंद करायला उठला.

'वहिनी, त्या दिवशी तार मी कापली होती,' तो म्हणाला. 'उंदरांनी नाही.'

काकी वाकलेल्या होत्या तशाच राहिल्या. हे त्यांना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्याच्या तोंडून येणं वेगळं. मी माझ्या चपला कुठं आहेत ते बघू लागलो.

मग काका बोलले. आवाज अगदी साधा होता, जेवायला काय आहे विचारावं तसा.

'सांगायचंच ठरवलंस तर निम्मं का सांगतोस?'

मिस्त्री म्हणाला, दादा, राहू दे. काकांनी मान हलवली आणि सांगून टाकलं. घंटी सारखी वाजायची, काम अडायचं, चेअरमन डोक्यावर बसलेले. तार काप, असं काकांनीच त्याला सांगितलं होतं. तो दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा काका मोठेपणा काढून त्याच्यावर ओरडले, तेव्हा त्यानं कापली. आणि मग इस्पितळात, डोळ्यांवर पट्ट्या असताना, काकांनी त्याचा हात धरून वचन घेतलं की हे वहिनीला कळता कामा नये.

'का?' काकींनी विचारलं.

'डोळे गेले होते,' काका म्हणाले. 'माझ्याच चुकीनं गेले हे कळलं असतं, तर तू राहिली असतीस का, मला खात्री नव्हती. भाऊ काय, बाहेर राहूनही जगला असता. मला तू लागणार होतीस.'

शेगडीवर पाणी उकळत होतं. काकी बराच वेळ नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. काकांना दिसत नाही, याची त्या क्षणी मला फार कीव आली, आणि थोडं बरंही वाटलं. ती नजर बघायला लागू नये कुणाला. चेअरमनकडे त्या बघायच्या तेही तुच्छतेनंच, पण त्यात निदान राग असायचा.

त्यांनी शेगडी बंद केली. सांडशीनं थर्मोस्टॅट बाहेर काढला, फडक्यात गुंडाळला आणि दिराच्या हातात दिला.

'नवा सकाळी आण,' त्या म्हणाल्या. 'आता हातपाय धू आणि आत चल. जेवून जा.'

नवऱ्याचं ताट त्यांनी वेळेवर वाढलं, पाणी हाताशी ठेवलं, संध्याकाळी खुर्ची आत घेतली. पुढे अठरा दिवस त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मी भिंतीपलीकडे राहतो, मला माहीत आहे. काका एकटेच बोलायचे. कधी ढगांबद्दल, कधी आपल्या जुन्या मशिनाबद्दल.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवा थर्मोस्टॅट बसला. मिस्त्रीनं इंजिन चार वेळा धुतलं, पाचव्या वेळी पाणी स्वच्छ निघालं तेव्हा कूलंट भरलं. कूलंट चेअरमननी स्वतः आणून दिलं आणि हातात देताना बघत होते की कुणी बघतंय का. काकींनी मशीन चालू केलं. वीस मिनिटं झाली, तास झाला. पडदा कोरा. रेडिएटरवर आता हात ठेववत नव्हता. एकानं ठेवून बघितला आणि बोटं तोंडात घातली.

तो गेलेला एक दिवस फुकट गेला नाही असं मी म्हणणार नाही. पाणी चार दिवस आधी आलं. नवं तोंड बुजवायचं थोडं राहिलं होतं, आणि ओढ्यानं काकींच्याच शेताची काठाकडची पट्टी, दोन झाडांसकट, उचलून नेली. काकी डोझरवरून बघत होत्या. झाडं पडली तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं नाही. धोंडा ढकलत राहिल्या. मिस्त्री काठावर उभा राहून हातानं खुणा करत होता, आणि त्या त्याच्या खुणांप्रमाणे पातं वरखाली करत होत्या. संध्याकाळी ओढा जुन्या पात्रात शिरला. चारही घरं राहिली.

पुढच्या आठवड्यात सोसायटीची बैठक झाली. चेअरमननी अर्धा तास भाषण केलं. संकट ओळखून वेळेवर मिस्त्री बोलावला, कूलंट आणलं, गाव वाचवलं. मिस्त्री दाराशी उभा होता, त्याला बस असं कुणी म्हणालं नाही. शेवटी चेअरमननी एक ठराव मांडला. मशिनानं असं आपल्या मनानं बंद पडणं हे गावाला परवडणारं नाही. तेव्हा एक कायमचा स्विच बसवावा, म्हणजे दिवा लागला तरी मशीन थांबणार नाही. ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करावेत.

हात वर झाले. मोजायची गरज नव्हती, सगळेच होते. माझाही होता. का होता ते मला सांगता येणार नाही. शेजारच्यांनी केला, म्हणून मी केला.

काकी मागच्या बाकावरून उठल्या. सावकाश पुढे आल्या. खिशातून डोझरची किल्ली काढून चेअरमनच्या टेबलावर ठेवली.

'ठराव चांगला आहे,' त्या म्हणाल्या. 'आता जे हात वर आहेत, त्यातल्या कुणीही ही उचलावी आणि उद्यापासून मशिनावर बसावं. मी काठावर उभी राहून रेडिएटरला हात लावून बघीन.'

आधी सेक्रेटरींचा हात खाली आला, डोकं खाजवत. मग पुढच्या रांगेतले. मग एकेक करत सगळे, कुणी सदरा नीट करतंय, कुणी कान चाचपतंय. मी माझा हात दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये दाबून धरला. शेवटी एकट्या चेअरमनचा हात वर राहिला, आणि तोही त्यांनी घड्याळ बघायच्या निमित्तानं खाली आणला.

काकी आणखी थोडा वेळ थांबल्या, कुणाला उशिरा सुचेल म्हणून. मग किल्ली उचलली आणि दिराला म्हणाल्या, चल.